अण्णांची सर्दी

मधाच्या पेटीच्या दाराशी माश्या रांगत होत्या. उडत नव्हत्या. फळीवरून जरा पुढं यायच्या, स्वतःभोवतीच गिरकी घ्यायच्या आणि खाली पडायच्या. गवतात आधीच्या पडलेल्या होत्याच, ओंजळभर तरी. मी उकिडवी बसले आणि त्यातली एक बोटावर घेतली. तिची जीभ बाहेर आली होती. विष लागलेली माशी जीभ बाहेर काढून मरते, हे अण्णांनीच आम्हाला शिकवलं होतं.

"काय गं, चावली का काय?" कोथिंबीर खुडायला आलेल्या हौसावहिनी बांधावरून ओरडल्या.

"चावायला जिवंत कुठायत?" मी म्हणाले.

वहिनी जवळ आल्या. कोथिंबिरीची जुडी हातात तशीच धरून त्यांनी गवतात पाहिलं, मग समोरच्या मिरचीच्या प्लॉटकडं पाहिलं, आणि त्या स्वयंपाकघराकडं निघून गेल्या. मिरची मात्र त्या सकाळी दृष्ट काढावी अशी दिसत होती. गेल्या पंधरवड्यात आकसून गेलेली झाडं ती हीच, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

या माश्या माझ्या ताब्यात कशा आल्या ते आधी सांगते. मी त्रिशला मगदूम, शिरोळकडची, जैनाघरची. बारावीनंतर मी वारणेच्या खोऱ्यातल्या 'निर्विष शेतीशाळे'त जाते म्हणाले तेव्हा आईनं अबोला धरला. शेतीला तिची हरकत नव्हती, शेती आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिला काळजी गांडुळांची. "फावड्याखाली एखादं आलं तर पाप कुणाच्या नावावर?" असं तिनं वडिलांना माझ्यादेखत विचारलं. तिथं गांडुळं मारत नाहीत, पाळतात, हे पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले.

शाळेत पुस्तक नव्हतं आणि परीक्षाही नव्हती. ज्याच्या वाफ्यात जे उगवेल ते त्याचे मार्क. सकाळी शेण उचलण्यापासून दिवस सुरू व्हायचा आणि दुपारी बांधावर बसून जे बोलणं व्हायचं तोच वर्ग. पहिल्याच आठवड्यात अण्णांनी कामं वाटायला घेतली आणि विचारलं, "मध खात नाही असं कोण आहे?" मी हात वर केला. "मग पेट्या हिच्याकडं. एक थेंब कमी व्हायचा नाही." सगळे खो-खो हसले. मीही हसले, पण मनातून चिडले होते. पुढं त्या सातेरी जातीच्या माश्यांचा मला इतका लळा लागला, की सुट्टीत घरी गेले तरी जीव इकडंच असायचा.

अण्णा म्हणजे बळवंतराव घोरपडे. शाळा त्यांची. त्याआधी तालुक्याच्या गावात त्यांचं शेतीऔषधांचं मोठं दुकान होतं, आणि त्या धंद्यानं त्यांना एक विलक्षण नाक दिलं होतं. एकदा आम्ही रोपं आणायला निघालो होतो. एस.टी. स्टँडवर एक शेतकरी आमच्या शेजारी येऊन बसला. अण्णांनी मान न वळवता विचारलं, "पाव्हणं, वांग्यावर फवारून आलाय न्हवं?" आणि औषधाचं नाव सांगितलं. तो माणूस आपला सदरा हुंगत बसला. "काल धुतलाय की ओ," म्हणाला. आम्ही पोरं त्या नाकावर जाम खूश होतो. उकिरड्याला हवा कमी पडतेय का हे ते वाऱ्यावरून सांगायचे, आणि ते खरं निघायचं.

पण त्यांचं सगळ्यांत मोठं सांगणं वेगळं होतं. नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी, जेवणं झाल्यावर, अण्णा ते सांगायचे. धाकटा भाऊ रंगराव कापसावर औषध मारून घरी आला आणि ओट्यावर बसला. घाम फुटला होता, गरगरतंय म्हणत होता. औषध अण्णांच्याच दुकानातलं. अण्णा शेजारी बसलेले. "आणि नेमकी त्या दिवशी मला सर्दी," अण्णा सांगायचे. "नाक चोंदलेलं. वास आला असता तर कळलं असतं की पोराच्या अंगभर विष मुरलंय. मी म्हणालो ऊन लागलंय, ताक पी आणि पड जरा. दिवस मावळायच्या आत रंगा गेला. एका सर्दीनं माझा भाऊ नेला." मग त्यांनी दुकान बंद केलं आणि माळावर ही शाळा काढली. हे ऐकताना मी ढसाढसा रडले होते. माझ्या शेजारची मुलगीही रडत होती. रंगरावांची विधवा, म्हणजे हौसावहिनी (सगळ्या शाळेसारखं अण्णाही त्यांना वहिनीच म्हणायचे), पलीकडं भांडी आवरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

त्यातूनच शाळेची एक रीत पडली होती. तिला आम्ही नुसतं 'चव' म्हणायचो. झाडपाल्याचा अर्क पिपात महिनाभर मुरला की पीप उघडायचं, आणि फवारणीच्या आधी तो सगळ्यांनी चाटायचा. कण्हेर, धोतरा, रुई असलं काही आमच्या पिपात पडत नसे. कडुनिंब, निर्गुडी, सीताफळाचा पाला, मिरची, लसूण आणि गोमूत्र, एवढंच. पळीनं पहिले थेंब वहिनींच्या तळहातावर, दुसरे अण्णांच्या. दोघांनी एकदम चाटायचे, मग आमचे हात पुढं. "जे घरच्या माणसाला पाजवत नाही ते मी पिकावर मारणार नाही," असं अण्णा दर वेळी म्हणायचे. चव म्हणजे काय सांगू! जीभ दुपारपर्यंत आपली राहायची नाही. त्यात एरवी लसूण ठेचून घातलेला असायचा. आमच्या घरात लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही. मी डोळे मिटून चाटायची आणि पत्रात त्याबद्दल अवाक्षर लिहायची नाही.

त्या वर्षी सगळं मिरचीवर येऊन ठेपलं होतं. आसपासची बारा गावं मिरचीची, आणि मिरचीवर औषधं मारून मारून लोकांचे हात सोललेले. अण्णांनी भर सभेत शब्द दिला होता, "माझ्या माळावर थेंबभर विष न घालता मिरची उभी करून दाखवतो. दिवाळीनंतर मेळाव्याला या, डोळ्यांनी बघा, आणि पटलं तर विष सोडा." लोक म्हणाले, बघू. आणि नेमका आमच्या प्लॉटवर चुरडा-मुरडा आला. पानं आत वळली, शेंडे गोळा झाले. आम्ही अर्क मारला, राख मारली, ताक मारलं. हा रोग आणणारे फुलकिडे मजेत होते. अण्णा प्लॉटच्या कडेला तासन्‌तास उभे राहायचे. ते जेवत नव्हते.

मग दिवाळी झाली आणि मोठ्या पिपातल्या अर्काच्या दोन फवारण्यांत प्लॉट पालटला. नवी पालवी सरळ फुटली. पोरांनी अण्णांना खांद्यावर घेतलं. मीही नाचले. त्यानंतरच्याच आठवड्यात माझ्या माश्या रांगायला लागल्या.

त्या सकाळी मी पेटीपासून उठले ती थेट प्लॉटमध्ये गेले. मिरचीच्या झाडांमधून एरवी कोळ्यांची जाळी तोंडाला चिकटायची. त्या दिवशी एकही नव्हतं. मुंग्यांची वारुळाकडं जाणारी वाट ओस पडली होती. पाखरू नव्हतं. एवढी हिरवी मिरची आणि आत कसलाच आवाज नाही. मी पत्र्याच्या शेडमध्ये गेले आणि मोठ्या पिपाचं झाकण उचललं.

आतून लसणाचा वास आला.

आता हे नीट सांगायला हवं. या पिपात लसूण नव्हता. ते भरलं तेव्हा शाळेतला लसूण संपलेला होता. या वेळी लसणाशिवायच चालवू, असं अण्णा म्हणाले, आणि सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळणारीही मीच. पीप उघडलं त्या दिवशी चाटलं होतं तेव्हा लसणाचा मागमूस नव्हता, आणि त्यानंतर ढवळायचं नसल्यानं मी झाकण उचललं नव्हतं. आणि आता गोमूत्राच्या वासाखालून लसूण येत होता, पण सडका, घशाला टोचणारा. ज्या घरात लसूण शिजत नाही त्या घरच्या माणसाला लसूण लांबून कळतो. हा लसूण नव्हता.

मी धावत अण्णांकडं गेले. ते वर्गाच्या ओसरीवर मेळाव्याचे फलक रंगवत होते.

"अण्णा, पिपात कुणीतरी काहीतरी घातलंय. चला, वास घ्या."

ब्रश खाली ठेवून ते आले. झाकण उचलून पिपावर वाकले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आता हे नाव सांगणार, त्या एस.टी. स्टँडवर सांगितलं तसं.

"मला काही येत नाही बघ," ते म्हणाले. "कालपासून सर्दी झालीय. नाक बंद आहे."

"अहो, लसणासारखा उग्र वास आहे. माश्या मरायला लागल्यात माझ्या."

त्यांनी झाकण घट्ट बसवलं. हात त्यावरच ठेवला. मग म्हणाले, "दिनकरचं काम असेल. स्वतःच्या उसावर तो औषधच मारतो. मी बघतो त्याच्याकडं. तू कुणाला बोलू नको, त्रिशला. मेळावा तोंडावर आलाय. बारा गावांचा प्रश्न आहे."

मला हायसं वाटलं. अण्णांनी 'मी बघतो' म्हटलं की आमची काळजी संपायची.

दिनकरमामा शाळेचे बैल सांभाळायचे. त्याच दिवशी दुपारी ते गाठोडं घेऊन फाटकाशी उभे दिसले. माझ्याकडं बघून त्यांनी मुंडासं सारखं केलं.

"मामा, कुठं?"

"घरला. अण्णांनी जा म्हटलं." ते जरा थांबले. "पोरी, त्या शेडात मी वरीसभर पाय टाकला न्हाई. माझी बैलं आणि मी. सांजच्याला पानी दाव त्यास्नी, इसरू नगंस." आणि ते उतरणीनं चालू लागले. मला त्यांचा रागच आला होता. तरी मी बैलांना पाणी पाजलं.

संध्याकाळी मी वहिनींना भाकऱ्यांना पीठ चाळून देत होते. कुणाला बोलू नको असं अण्णांनी सांगितलं होतं, पण वहिनी काही 'कुणी' नव्हत्या, आणि पोटात ठेवायचं मला मुळात जमत नाही. मी सगळं सांगितलं. माश्या, लसूण, दिनकरमामा. वहिनी भाकरी थापत ऐकत होत्या.

"मग भावजींनी वास घेतला?"

"घेतला की. पण त्यांना आला नाही."

"न्हाई आला?"

"सर्दी झालीय ना त्यांना. नाक बंद आहे म्हणाले."

वहिनींचा हात परातीत थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्यांनी ती उलटली नाही. मी चटका सोसत बोटांनी उलटली.

"सर्दी म्हनले? त्याच सबदात?"

"हो. का?"

"काल आमटीला फोडनी दिली तवा ह्यो मानूस तिकडं ओसरीवर बसला हुता," वहिनी म्हणाल्या. "तितनं ओरडून म्हनला, वैनी, हिंग जास्त पडलंय."

एवढंच. त्यांनी पुढचा गोळा परातीत घेतला आणि मी पीठ चाळत राहिले. मला वाटलं, सर्दी त्यानंतर झाली असेल. एकोणीस वर्षांची होते मी. ज्या माणसासाठी आईशी भांडून आले तो खोटं बोलेल हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. मग आम्ही जेवायला बसलो. अण्णा पंगतीत समोर बसले होते. ते एकदाही शिंकले नाहीत, एकदाही नाक ओढलं नाही. मी मोजत नव्हते, पण लक्ष तिथंच जात होतं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी अण्णांना वसतिगृहामागच्या लहान मडक्यातून तांब्याची कळशी भरताना पाहिलं. ते मडकं नव्या अर्काचं, मिरचीला अजून लागलंही नव्हतं. कळशीवर फडकं बांधून त्यांनी ती बियाण्यांच्या खोलीत ठेवली. म्हणजे उद्या चव या कळशीतून. माझा जीव भांड्यात पडला. अण्णांनी माझं ऐकलं होतं तर. मग तेवढ्यात मनात आलं, मोठ्या पिपात काही नाहीच, तर वेगळी कळशी कशाला? आणि आहे, तर लोकांना सांगत का नाहीत? मी तो विचार झटकला. तो पुन्हा आला.

मेळाव्याच्या सकाळी माणसं उतरणीपर्यंत उभी होती. बारा गावांचे पुढारी, बायका, पोरंटोरं. मी बियाण्यांच्या खोलीतून सतरंज्या काढायला गेले तर हौसावहिनी कळशी कडेवर घेऊन मागच्या दारानं बाहेर पडत होत्या. मी मागोमाग गेले. नारळाच्या आळ्यात त्यांनी कळशी उपडी केली. सगळा अर्क मातीत गेला. मग त्या शेडमध्ये शिरल्या, मोठ्या पिपाचं झाकण सरकवलं आणि डबड्यानं कळशी भरायला लागल्या.

"वहिनी, ते नको!" मी त्यांचं मनगट धरलं. "त्यातच आहे ते! मी सांगितलं होतं ना तुम्हाला!"

"ठावं हाय."

"मग?"

त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. चेहरा रोजचाच होता, भाकरी थापताना असायचा तसा. "माझ्या हातातलं माझ्या तोंडाला लागंपातुर कुनाचा बी हात म्होरं येऊ द्यायचा न्हाई. तू रांगंच्या तोंडाला उभी ऱ्हा. एवढंच काम हाय तुला."

"आणि तुम्ही?"

"मी काय मरायला निघालेली न्हाई गं. मला येक बघायचंय. चौदा वरसं झाली, बघायचं ऱ्हायलंय." फडकं बांधता बांधता त्या म्हणाल्या, "आनि तोंड उघडलंस तर मला पुन्यांदा कवा बघायला गावायचं न्हाई. शपत हाय तुला माजी."

मी ओरडायला हवं होतं का? हे मला पुढं पुष्कळांनी विचारलं. त्यांनी वहिनींचे डोळे पाहिले नव्हते. मी त्यांच्यामागून चालत गेले.

अण्णा त्या दिवशी फार सुंदर बोलले. मिरची लोकांनी आधीच पाहिली होती, आणि ते माना डोलावत होते. रंगरावांची गोष्ट आली, ओटा आला, ताक आलं, सर्दी आली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं पंच्यानं डोळे पुसले. मग अण्णांनी कळशी पुढं घेतली. वरून वारा सुटला होता, तो आमच्या पाठीकडून समोर वाहत होता आणि कळशीचा वास आमच्यापासून दूर नेत होता. मी दोन्ही हात पसरून पोरांना मागं थोपवून उभी होते.

"ही आमची चव," अण्णा लोकांना म्हणाले. "ज्या अर्कानं ही मिरची उभी केली, तोच हा. आधी घरच्या माणसाला."

पळी वहिनींच्या तळहातावर रिकामी झाली. दुसरी अण्णांनी स्वतःच्या हातावर घेतली. बोलता बोलताच त्यांनी हात तोंडाजवळ नेला आणि ते थांबले. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी कळशीत पाहिलं. मग वहिनींकडं पाहिलं.

वहिनी त्यांच्याकडंच बघत होत्या. तळहात हनुवटीशी धरलेला.

"घ्यायचं न्हवं, भावजी?"

"वहिनी, जरा थांबा," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "यात कचरा पडलाय."

"कचरा मी गाळून घेतलाय."

"तरी थांबा."

"का?"

अण्णांनी लोकांकडं पाहिलं. समोर बारा गावं बसली होती. मिरची मागं डुलत होती. कुठंतरी एक पोर रडायला लागलं आणि आईनं त्याला गप्प केलं. वहिनींनी क्षणभर वाट पाहिली, अगदी रीतसर वाट पाहिली, आणि तळहात ओठांना लावायला उचलला.

अण्णांनी फाडकन तो हात उडवला.

आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला असेल. दिरानं भर सभेत विधवा भावजयीवर हात उचलला, एवढंच लोकांनी पाहिलं. बायका उभ्या राहिल्या. कुणीतरी "आरं, आरं" करत पुढं आलं. अर्काचे थेंब वहिनींच्या पदरावर उडाले होते. त्या जागच्या हलल्या नव्हत्या.

"सर्दी गेली जनू, भावजी," त्या म्हणाल्या.

अण्णांनी पळी खाली ठेवली.

"पिपात विष आहे," ते शेवटी म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "मी घातलंय. दिनकरनं नाही, मी. मिरची जात होती सगळी. एवढा एकच हंगाम, म्हणालो... पुढच्या साली खरं करून दाखवलं असतं."

"मिरचीचं कोन इचारतंय?" वहिनींचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. "मी त्या दिवसाचं इचारते. माझा धनी ओट्यावर बसला हुता. तुमी टेकून बसला हुता त्यास्नी. वास येत हुता का न्हाई?"

मी पसरलेले हात खाली घ्यायचे विसरले होते.

"येत होता," अण्णा म्हणाले.

"मग?"

"आदल्याच दिवशी मी दुकानात दहा माणसांना सांगितलं होतं, की हे औषध अंगावर सांडलं तरी काही होत नाही. रंगाला दवाखान्यात नेला असता तर गावभर झालं असतं. मला वाटलं, ताकानं उतरेल." ते खाली मातीत बसले. "मला वाटलं, उतरेल, वहिनी."

वहिनींनी पदराला हात पुसला नाही. त्या बांधावरच्या पाटाकडं गेल्या, उकिडव्या बसल्या आणि माती लावून लावून तळहात धुवत राहिल्या. मी जाऊन शेजारी बसले. मला हुंदके आवरत नव्हते. त्या रडत नव्हत्या. हात धुऊन झाल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर ओल्या हातानं थोपटलं आणि म्हणाल्या, "ऊठ. मानसं जेवायची ऱ्हायलीत."

आणि खरंच, त्यांनी त्या गर्दीला वाढलं. जे थांबले त्यांना. अण्णा त्याच जागी बसून होते. त्यांच्या पुढ्यातही त्यांनी पत्रावळ ठेवली. ती तशीच राहिली.

शाळा त्या हंगामातच मोडली. मिरची उपटून पुरली, पीप कुलूप लावून ठेवलं, आणि आम्ही पोरं आपापल्या घरी गेलो. दिनकरमामांना बोलवायला वहिनी स्वतः गेल्या होत्या, बैल त्यांच्याच हवाली केले. अण्णा पुढं कुठंतरी लांबच्या बहिणीकडं राहायचे असं ऐकलं. मी परत त्यांना पाहिलं नाही. पाहायची इच्छाही झाली नाही, आणि कधी कधी फार झाली. जे मला आज येतं त्यातलं निम्मं त्यांनी शिकवलेलं आहे, हे मला टाकून देता येत नाही.

वाचलेली एक पेटी मी घरी आणली. आईनं कुरकुर केली, मग तीच संध्याकाळी तिच्याजवळ बसायला लागली. आता माझ्या वावरात पंधरा-वीस पेट्या आहेत. दोन वर्षांपूर्वी हौसावहिनी कुणाच्या तरी लग्नाला शिरोळला आल्या आणि वाट वाकडी करून माझ्याकडं उतरल्या. पार वाकल्या होत्या. आंब्याखाली चहा घेत माश्यांची ये-जा बघत बसल्या. इतकी वर्षं जे विचारायचं होतं ते मी विचारलं.

"वहिनी, अण्णांनी हात मारलाच नसता तर? तुम्ही प्यालाच असता?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. बशी पालथी घातली.

"तरी त्या दिवसाचं कळलंच असतं की गं," त्या म्हणाल्या.